पार्किंग जाणार तेव्हा बोला: केंब्रिजचे उमेदवार आणि सायकल लेन

स्थानिक निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराला विचारा की सायकल चालवणाऱ्यांसाठी तुमचं काय म्हणणं आहे, उत्तर साधारण एकच येतं, माझा पूर्ण पाठिंबा आहे, मुलांसाठी सुरक्षित रस्ते हवेतच, प्रदूषण कमी झालं पाहिजे वगैरे. सायकल वाईट असं म्हणणारा उमेदवार मी अजून ऐकलेला नाही. मग एवढे सगळे पाठिंबा देणारे निवडून येऊनसुद्धा रस्ते तसेच का राहतात? मला हा प्रश्न बरीच वर्षं छळतोय, आणि त्याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहराच्या प्रकरणात सापडलं, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

केंब्रिज म्हणजे चार्ल्स नदीच्या एका काठाला बॉस्टन आणि दुसऱ्या काठाला हे, हार्वर्ड आणि एमआयटी दोन्ही इथेच. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख १८ हजारांच्या आसपास, जमीन जेमतेम साडेसोळा चौरस किलोमीटर. म्हणजे शहर लहान, दाट वस्ती, रस्ते जुने आणि अरुंद, आणि बहुतेक रस्त्यांच्या दोन्ही कडेला गाड्या उभ्या. सायकलसाठी अशा शहरासारखं सोयीचं शहर नाही, कारण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या तासात जाता येतं. आणि तरीही अडचण सगळी त्या अरुंद रस्त्यातच आहे, कारण सायकलला वेगळी जागा द्यायची तर ती कुणाची तरी काढूनच द्यावी लागते.

२०१६ मध्ये मार्चमध्ये इथल्या सिटी कौन्सिलने ‘व्हिजन झीरो’ स्वीकारलं, म्हणजे रस्त्यावर एकही मृत्यू किंवा गंभीर जखम होऊ नये हे शहराचं धोरण. त्याच वर्षी जूनमध्ये इनमन स्क्वेअरमध्ये एक तरुणी सायकलवरून जात असताना शेजारी उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं, ती रस्त्याच्या मधल्या बाजूला फेकली गेली आणि मागून आलेल्या ट्रकखाली गेली. ऑक्टोबरमध्ये पोर्टर स्क्वेअरजवळ आणखी एक सायकलस्वार ट्रकच्या धडकेत गेला. धोरण कागदावर येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

ते दाराचं जे आहे ना, ते जरा थांबून बघा, कारण पुढचं सगळं राजकारण त्या एका दाराभोवती फिरतं. रस्त्यावर नुसता पांढरा पट्टा मारून जी सायकल लेन करतात ती बहुतेक वेळा उभ्या गाड्या आणि चालत्या गाड्या यांच्या मधोमध असते. गाडीचं दार पूर्ण उघडलं की जवळजवळ मीटरभर बाहेर येतं, म्हणजे लेनचा बराचसा भाग त्या दाराच्या टप्प्यात. सायकल ताशी २० किलोमीटरने चालली असेल तर एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, आणि माणसाला दार दिसून ब्रेककडे हात जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच, म्हणजे दार दोन गाड्या पुढे उघडलं तर कदाचित वाचाल, शेजारच्याच गाडीचं उघडलं तर काही करायला वेळच नसतो. माणूस दारावर आपटून मरतो असं क्वचित होतं, तो डावीकडे फेकला जातो आणि तिथे काय चाललंय यावर सगळं अवलंबून. मॅसॅच्युसेट्समध्ये असं दार उघडायला कायद्याने मनाई आहे, दंड १०० डॉलरपर्यंत. राज्याच्या ड्रायव्हर मॅन्युअलमध्ये सांगितलेलं आहे की दार लांबच्या हाताने उघडा, म्हणजे तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो त्यामुळे उजव्या हाताने, मग आपोआप अंग वळतं आणि मागे नजर जाते. चांगली सवय आहे, मी स्वतः करतो. पण रोज हजारो दारं उघडतात, आणि त्यातलं प्रत्येक दार प्रत्येक वेळी नीट उघडेल या भरवशावर कुणी आपल्या लेकराला सायकलवर पाठवणार नाही.

उपाय माहितीचा आहे, नवीन काही नाही. क्रम उलटा करायचा. आधी फुटपाथ, मग सायकल लेन, मग दार उघडण्यापुरती मोकळी पट्टी, मग उभ्या गाड्या, मग वाहतूक. उभ्या गाड्याच भिंत होतात. जिथे तेवढी रुंदी नाही तिथे एका बाजूचं पार्किंग काढून प्लॅस्टिकचे लवचिक खांब लावायचे. याला तिकडे ‘क्विक-बिल्ड’ म्हणतात, खणायचं काही नाही, रंग, खांब, पाट्या, काही आठवड्यांत काम होतं. २०१७ मध्ये शहराने केंब्रिज स्ट्रीटच्या काही भागावर असं केलं आणि लगेच दुकानदारांच्या, रहिवाशांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती, त्यामुळे ‘सायकलला पाठिंबा’ या वाक्याला पहिल्यांदा वजन आलं, कारण आता रस्त्यावर प्रत्यक्ष काहीतरी झालेलं होतं आणि ते राहणार की निघणार असा सरळ प्रश्न विचारता येत होता.

आता इथे निवडणूक कशी होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कौन्सिलवर ९ जण, दर दोन वर्षांनी विषम सालात निवडणूक, वॉर्ड नाहीत, सगळे शहरभरातून निवडले जातात, आणि मतदान पसंतीक्रमाने, १, २, ३ असं, आपल्याकडे राज्यसभेच्या किंवा विधान परिषदेच्या निवडणुकीत असतं त्याच जातीचं. ही पद्धत १९४१ पासून चालू आहे. एकूण वैध मतांना १० ने भागून त्यात एक मिळवला की निवडून यायला लागणारा मतांचा कोटा, म्हणजे साधारण दहा टक्के मतदार एकत्र आले तर ते आपला एक माणूस नक्की निवडून आणू शकतात. शहरात वीस-बावीस हजार मतं पडतात, म्हणजे दोन हजारांच्या थोडी वर मतं पुरतात. म्हणून सायकलवाल्यांसारखा संख्येने छोटा पण ठाम गट इथे मोजला जातो. आणि हो, पार्किंगवाल्यांचा गटसुद्धा तितकाच मोजला जातो, हे विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इथे महापौर लोक थेट निवडत नाहीत, कौन्सिलर आपल्यातूनच एकाला करतात, आणि शहराचा कारभार नेमलेला सिटी मॅनेजर बघतो. कौन्सिलर एखाद्या इंजिनिअरला बोलावून ‘या रस्त्यावर लेन कर’ असा हुकूम देऊ शकत नाही, शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांत, ते बसतच नाही. तो ठराव करून विनंती करू शकतो, बजेट मंजूर करू शकतो, मॅनेजर नेमू शकतो आणि शहराचा कायदा म्हणजे ऑर्डिनन्स करू शकतो. तेव्हा ‘निवडून आलो तर लेन करून देईन’ म्हणणारा उमेदवार जे त्याच्या हातातच नाही ते देऊ करतोय. त्याच्या हातात काय आहे हे ओळखून प्रश्न विचारणं, हे केंब्रिजच्या लोकांनी फार चांगलं केलं.

२०१६ च्या मृत्यूंनंतर ‘केंब्रिज बायसिकल सेफ्टी’ नावाचा स्वयंसेवकांचा गट तिथे उभा राहिला आणि त्यांनी उमेदवारांपुढे एक वचनपत्र ठेवायला सुरुवात केली. सायकल आवडते का असं विचारायच्या ऐवजी शहराच्या सायकल आराखड्यातलं वेगळ्या लेनचं जाळं वेळेत पूर्ण करायला तुम्ही मत द्याल का असं विचारलं. सही केली की नाव जाहीर, नाही केली की तेही जाहीर. एवढं साधं. ज्यांना पसंतीक्रम ठरवायचा होता त्यांच्यापुढे आयती यादी आली.

एप्रिल २०१९ मध्ये कौन्सिलने सायकलिंग सेफ्टी ऑर्डिनन्स मंजूर केला. त्यात असं होतं की शहराच्या पाच वर्षांच्या रस्ते-पुनर्बांधणीच्या यादीतला जो रस्ता सायकल आराखड्यात वेगळ्या लेनसाठी दाखवलाय, तो नव्याने बांधताना तिथे कायमची वेगळी लेन झालीच पाहिजे, आणि करायची नसेल तर सिटी मॅनेजरने कारणं लेखी द्यायची. अमेरिकेतला अशा प्रकारचा हा पहिला कायदा म्हणून तेव्हा त्याचं कौतुक झालं, आणि होण्यासारखंच होतं, कारण एकेका रस्त्यासाठी एकेक लढाई द्यायची गरज संपली. पूर्वी प्रत्येक वेळी लेन का हवी हे सायकलवाल्यांना पटवून द्यावं लागायचं, आता का नको हे शहराला पटवून द्यावं लागणार होतं. फक्त एक मोठी अडचण राहिली, रस्ता मुळात खणला जाईल तेव्हाच हे लागू, आणि एखादा रस्ता पूर्ण खणून नवा बांधायची पाळी कित्येक दशकांनी येते. सांडपाण्याच्या लाइन, पावसाच्या पाण्याच्या लाइन, गॅस, झाडं, सगळं त्यात येतं. या वेगाने जाळं पूर्ण व्हायला एक पिढी गेली असती.

म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि यावेळी आकडा आणि मुदत दोन्ही घातले, साधारण २५ मैल म्हणजे ४० किलोमीटर वेगळ्या लेन, पाच ते सात वर्षांत, आणि त्यासाठी खणायची वाट बघायची नाही, क्विक-बिल्ड चालेल. कुठल्या कुठल्या रस्त्यांवर हे सुद्धा लिहिलं, मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू, केंब्रिज स्ट्रीट, ब्रॉडवे, हॅम्पशायर स्ट्रीट, गार्डन स्ट्रीट अशी नावानिशी. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. निवडणुकीच्या काळातलं वचन नोव्हेंबर संपला की विरतं, पण कायद्यात तारीख असली की ती मोडायलासुद्धा उघडपणे हात वर करून मत द्यावं लागतं, आणि ते मत कुणाचं हे पुढच्या निवडणुकीत लोकांना दाखवता येतं.

आणि मग खरा वाद पेटला. नोव्हेंबर २०२१ मध्ये, निवडणूक होऊन काही आठवडे झाले असतील नसतील, मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूच्या उत्तरेकडच्या भागात बस लेन आणि सायकल लेन आल्या आणि दुकानांसमोरचं बरंचसं पार्किंग गेलं. दुकानदारांचं म्हणणं होतं की आम्हाला धड कुणी सांगितलंच नाही, एक दिवस सकाळी खांब लावलेले दिसले. याच्याकडे मी सायकलवाला असूनही कानाडोळा करू शकत नाही. महामारीत दोन वर्षं कसंबसं टिकलेलं छोटं दुकान, समोर माल उतरवायला जागा नाही, म्हातारं गिऱ्हाईक लांब गाडी लावून चालत येऊ शकत नाही, ही माणसं सायकलची वैरी नव्हती. शहराने नंतर पार्किंग आणि लोडिंगमध्ये काही बदल केले, पण मनं दुखावली ती दुखावलीच. २०२२ मध्ये गार्डन स्ट्रीटचा एक भाग एकेरी केला तर शेजारच्या गल्ल्यांमधले लोक म्हणायला लागले की सगळी वाहतूक आमच्या दारात आली.

यातून विरोधातलाही एक गट संघटित झाला, ‘केंब्रिज स्ट्रीट्स फॉर ऑल’. २०२२ मध्ये ते कोर्टात गेले, म्हणणं असं की शहराने हे सगळं योग्य प्रक्रियेने केलं नाही. कोर्टाने दावा फेटाळला. पण त्या दाव्यातल्या प्रमुख नावांपैकी एक, जोन पिकेट, २०२३ च्या निवडणुकीत उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. कोटा तोच, दहा टक्क्यांचा, ज्याच्या जोरावर सायकलवाल्यांचे उमेदवार येत होते त्याच्याच जोरावर त्याही आल्या. यात मला काही गैर वाटत नाही, उलट त्यांची भूमिका मतदानाच्या आधीपासून सगळ्यांना ठाऊक होती, ज्यांना पटली त्यांनी मत दिलं. मला जास्त काळजी वाटते ती अशा उमेदवारांची जे प्रचारात सायकलचे फोटो टाकतात, दोन्हीकडच्या बैठकींना जातात आणि ‘सगळ्यांना विश्वासात घेऊन’ एवढंच म्हणतात. सगळ्यांना विश्वासात घ्यायलाच हवं, पण घेतल्यानंतरही एका बाजूचं पार्किंग जाणार असेल तर तुमचं मत काय, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ते मत द्यायची वेळ आली. मुदत पुढे ढकलायचा प्रस्ताव कौन्सिलपुढे आला, कारण असं दिलं गेलं की उरलेल्या रस्त्यांवर पार्किंग जाण्याआधी खासगी पार्किंगच्या जागा शेजारच्या रहिवाशांना भाड्याने देता येतील असे नियम बदलायला वेळ हवा. ५ विरुद्ध ४ मतांनी प्रस्ताव मंजूर झाला, मे २०२६ ची मुदत नोव्हेंबर २०२६ वर गेली. सहा महिने ऐकायला थोडे वाटतात. कारणही पूर्ण खोटं नव्हतं, रात्री गाडी कुठे लावायची हा प्रश्न ज्याच्याकडे गॅरेज नाही त्याला खरोखर पडतो. तरीही सभेत लोक रांग लावून बोलले, त्यात आईबाप होते, विद्यार्थी होते, आणि विरोधातले लोकही होते.

मग जून आला. ७ जूनला हार्वर्ड स्क्वेअरजवळ माउंट ऑबर्न स्ट्रीटवर एक सायकलस्वार बाई ट्रकच्या धडकेत गेली आणि दोनच आठवड्यांनी, २१ जूनला, हॅम्पशायर स्ट्रीट आणि पोर्टलँड स्ट्रीटच्या चौकात २४ वर्षांची मुलगी ट्रकखाली गेली. मुदतवाढीमुळे या दोघी गेल्या असं म्हणणं बरोबर होणार नाही आणि मी म्हणत नाही. चौकात वळणाऱ्या ट्रकचा प्रश्न नुसत्या खांबांनी सुटत नाही, तिथे सिग्नल वेगळा लागतो, कोपरा असा बांधावा लागतो की ट्रकला वेग कमी करूनच वळावं लागेल आणि सायकल ड्रायव्हरच्या नजरेसमोर येईल, ट्रकच्या चाकांमध्ये कुणी जाऊ नये म्हणून बाजूला गार्ड लागतात. पण आठ आठवड्यांपूर्वी ज्यांनी ‘थोडं थांबू’ म्हणून हात वर केला होता त्यांना आता फुलं ठेवलेल्या चौकातून जावं लागत होतं. रस्त्याच्या कामातली दिरंगाई एरवी कागदावरच राहते, या जूनमध्ये ती लोकांच्या डोळ्यांसमोर आली.

सप्टेंबरमध्ये तिसरा मृत्यू झाला, मेमोरियल ड्राइव्हवर बीयू (बॉस्टन युनिव्हर्सिटी) ब्रिजजवळ, गाडी रस्ता सोडून कडेच्या वाटेवर चढली आणि तिथल्या सायकलस्वाराला धडकली. ही गोष्ट वेगळी सांगतोय कारण मेमोरियल ड्राइव्ह शहराचा रस्ताच नाही, तो राज्याच्या खात्याकडे आहे. शहराचा ऑर्डिनन्स तिथे लागू होत नाही. तेव्हा उमेदवाराला विचारायचा एक प्रश्न हाही असतो की जो रस्ता तुमच्या अखत्यारीत नाही त्याबद्दल तुम्ही कुणाकडे, काय मागणार.

वेगाचंही तसंच. शहराला स्वतःहून वेगमर्यादा कमी करता येत नव्हती, २०१६ मध्ये राज्याने कायदा केला तेव्हा कुठे ३० मैलांची नेहमीची मर्यादा २५ वर आणायची मोकळीक मिळाली, आणि सेफ्टी झोनमध्ये, म्हणजे शहराने जास्त जपायचे म्हणून ठरवलेल्या भागांत, २०. केंब्रिजने दोन्हीचा फायदा घेतला, आज बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटरची मर्यादा आहे. गंमत बघा, वेग कमी करायला फारसा कुणी विरोध केला नाही. पाटी बदलते, कुणाचं पार्किंग जात नाही.

दुकानांच्या धंद्याचा मुद्दा राहिला. लेन आली की धंदा बसतो ही भीती प्रत्येक शहरात असते. याच्यावर टोरांटोमध्ये ब्लूर स्ट्रीटवर चांगला अभ्यास झालेला आहे, तिथे २०१६ मध्ये लेन आली, आधी आणि नंतर गिऱ्हाइकांना आणि दुकानदारांना विचारलं, तर गिऱ्हाइकांच्या फेऱ्या आणि खर्च वाढलेला दिसला, आणि दुकानदारांना वाटत होते त्यापेक्षा गाडीने येणारे लोक कितीतरी कमी निघाले. हे उमेदवारांना माहीत असायला हवं. पण त्याचबरोबर, एका शहराची सरासरी सांगून कोपऱ्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याचं समाधान होत नाही हेही तितकंच खरं, त्याला मालाची गाडी उभी करायला पंधरा मिनिटांची जागा लागते आणि ती आराखड्यातच काढून ठेवता येते. मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूच्या उत्तरेकडच्या भागात ते आधी झालं असतं तर पुढचे दोन वर्षांचे वाद निम्म्याने कमी झाले असते असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये जोन पिकेट यांचं निधन झालं. केंब्रिजमध्ये अशा वेळी पोटनिवडणूक होत नाही, ज्या मतपत्रिकांवर तो कौन्सिलर निवडून आला त्याच मतपत्रिका पुन्हा काढतात आणि पुढची पसंती मोजतात. तशी मोजणी होऊन कॅथरीन झूसी कौन्सिलवर आल्या. म्हणजे २०२३ मध्ये मतदाराने दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकावर काय लिहिलं होतं त्याने एक जागा ठरली, आणि जिथे ५ विरुद्ध ४ असे निकाल लागतात तिथे एक जागा म्हणजे सगळं काही.

मुदत ढकलताना जे रस्ते राहिले होते त्यात केंब्रिज स्ट्रीट आणि ब्रॉडवे हे मोठे. ब्रॉडवे हा अरुंद आहे, घरं रस्त्याला लागून, बऱ्याच घरांना गाडी लावायला स्वतःची जागा नाही, जवळच हायस्कूल आणि सार्वजनिक वाचनालय, सकाळी पोरांची सायकलवर रीघ. इथे सगळ्यांना सगळं मिळेल असं चित्र काढताच येत नाही. ब्रॉडवेवर मत मागायला येणाऱ्याला तिथल्या माणसाने काय विचारावं? कोणत्या बाजूचं पार्किंग काढायचं, माल उतरवायच्या जागा कुठे ठेवायच्या, अपंगांच्या गाड्या कुठे, शाळेसमोरचा चौक कसा करायचा, नोव्हेंबर २०२६ ची तारीख आणखी पुढे न्यायचा प्रस्ताव आला तर हात वर की खाली. पाच प्रश्न आहेत, उंबऱ्यात उभं राहून दहा मिनिटांत विचारून होतात, आणि ज्याने ब्रॉडवे पायी किंवा सायकलवर एकदा तरी नीट बघितलाय त्याला त्यातल्या एकाचंही उत्तर द्यायला कागद काढावा लागत नाही.